एका नस्तीत दोन जीव

शासकीय सेवेत एक शिस्त अंगवळणी पडली होती : माहिती अपुरी असेल तर निर्णय घ्यावयाचा नाही, अधिक माहिती मागवावयाची. ही शिस्त घरातही तशीच लागू पडते, असा माझा समज होता. गेल्या वर्षी इंदूरच्या आमच्या घरी सुनेला जुळी असल्याचे कळले आणि त्या समजाला तडा गेला.

बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत दोन गोष्टी पाहिल्या गेल्या. पहिली, दोन्ही गर्भांची वार सामाईक आहे की स्वतंत्र. हे लवकर कळणे अगत्याचे असते. वार एकच असेल, तर एका गर्भाचे रक्त दुसऱ्याकडे अधिक वाहण्याचा धोका राहतो आणि सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला तपासणी करावी लागते. या ज्ञानाविषयी दुमत असू नये; ते दोघांच्याही रक्षणासाठी आहे. आमच्याकडे वार स्वतंत्र होती. दुसरी गोष्ट, प्रत्येक गर्भाच्या मानेमागील द्रवाच्या थराची जाडी. एकाची ती अधिक भरली आणि त्याला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता १२० मध्ये १ अशी वर्तवली गेली.

हा आकडा म्हणजे निदान नव्हे. अशा १२० गर्भांपैकी ११९ गर्भांत तो दोष नसतो. तरीही त्या दिवसापासून घरात एक गर्भ ‘चांगला’ आणि दुसरा ‘तो’ झाला. आईच्या रक्तावरून होणाऱ्या चाचण्यांत जुळ्यांच्या खुणा एकमेकांत मिसळलेल्या असतात. दोष नेमका कोणात, हे त्या सांगू शकत नाहीत. खात्री हवी असेल तर गर्भजल परीक्षा, म्हणजे दोन्ही पिशव्यांतून सुईने पाणी काढणे. तीत गर्भपाताचा धोका अल्प असला, तरी असतोच. एकाविषयीच्या शंकेची किंमत दुसऱ्यालाही मोजावी लागण्याचा हा प्रसंग.

मी सवयीने म्हणालो, “करून घ्या. कळलेले बरे.” सून शांतपणे म्हणाली, “बाबा, कळल्यावर आपण काय करणार, ते आधी ठरवूया का?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. कचेरीत माहिती मागवणे हा पुष्कळदा निर्णय पुढे ढकलण्याचा प्रतिष्ठित मार्ग असतो. येथे माहिती मागवणे हाच एक निर्णय होता, आणि तो दोघांविषयीचा होता. नस्ती एक, प्रकरणे दोन. एक निकालात काढताना दुसरे सुरक्षित राहीलच, याची हमी कोणी देत नाही.

जे जाणता येते ते जाणलेच पाहिजे, असे आपला कायदाही मानत नाही. गर्भलिंग सांगण्यास महाराष्ट्राने १९८८ मध्ये व केंद्राने १९९४ मध्ये बंदी घातली. कारण त्या ज्ञानाचे आपण काय करतो, हे दिसून आले होते. याउलट, गंभीर विकृती असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवल्यास २०२१ च्या दुरुस्तीनुसार २४ आठवड्यांनंतरही गर्भपातास परवानगी आहे. एक दार कायद्याने बंद केले, दुसरे उघडे ठेवले. उघड्या दारातून जावे की न जावे, हे मात्र कायदा सांगत नाही.

अज्ञानात राहणे ही पळवाट नव्हे काय, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. एखादी माता मनाची तयारी करण्यासाठी चाचणी करून घेईल. एखादी, हा भार आपल्याला पेलणार नाही हे ओळखून, गर्भ न वाढवण्यासाठी. या दोघींपैकी कोणालाही मी चूक ठरवणार नाही. चूक ठरते ती प्रश्न न ठरवता उत्तर मागणाऱ्या आम्हा वडीलधाऱ्यांची. सुई तिच्या पोटात जाणार आणि उत्साह आमचा!

सुनेने सुई नाकारली. अठराव्या आठवड्याची सविस्तर सोनोग्राफी स्वीकारली. पुढे काय झाले, हे मी मुद्दाम लिहीत नाही. मुले निरोगी झाली असे सांगितले, तर तिचा निर्णय बरोबर होता असे वाचक म्हणतील; तसे नसते, तर चूक होता असे म्हणतील. निर्णयाची योग्यता फळावरून मोजण्याची ही सवय सोडता आली, तरच जन्माला येणाऱ्या जिवाकडे आपण शक्यतेचा आकडा म्हणून न पाहता घरचे माणूस म्हणून पाहू शकू.