वाटाड्याचा नकार

बदलीवर परप्रांती राहणाऱ्या आपणा नोकरदारांना वाटाड्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. नव्या गावी पहिला महिना कोणा शेजाऱ्याच्या आधारानेच निभावतो. तो बाजार दाखवितो, डॉक्टर सुचवितो आणि मोबदला घेत नाही. परंतु वाटाड्या पैसे देऊन ठरविला, तर त्याच्याकडून काय काय मागण्याचा अधिकार आपणास प्राप्त होतो? हा प्रश्न मला गेल्या वर्षी कंबोडियाच्या प्रवासाची आखणी करताना पडला.

रजा प्रवास सवलत परदेशाला लागू नाही. म्हणून साठविलेल्या पैशांतूनच जावयाचे होते. कचेरीची परवानगी मिळाली. मोठ्या जथ्याबरोबर धावपळ करण्यापेक्षा आम्हां दोघांपुरता एक मार्गदर्शक ठरवावा, असे पत्नीने सुचविले. अंगकोरचे तीन दिवसांचे प्रवेशपत्रच माणशी ६२ डॉलरचे. तेव्हा प्रत्येक तासाचा हिशेब मी कागदावर मांडला. आरंभी राजधानी नोम पेन्ह येथील एक दिवस आणि त्यात तुओल स्लेंग, हे मी नेमके लिहिले होते.

तुओल स्लेंग ही मुळात शाळा. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूज राजवटीत तिचा तुरुंग झाला. वर्गखोल्यांत कोठड्या बांधल्या गेल्या, आणि १२,००० हून अधिक माणसे तेथून मरणाला पाठविली गेली. आज तेथे संग्रहालय आहे. आम्ही निवडलेला मार्गदर्शक साठीच्या घरातला होता. म्हणजे तो काळ त्याने बालपणी पाहिलेला असणार. मी पत्रात लिहिले, “तेथे आपला स्वतःचा अनुभव ऐकावयास मिळाल्यास आनंद होईल.” ‘आनंद’ हा शब्द लिहिताना हात अडखळला नाही, याची आज लाज वाटते.

त्याचे उत्तर थोडक्यात होते. अंगकोरच्या प्रत्येक भिंतीपुढे तो उभा राहणार होता. तुओल स्लेंगच्या दारापर्यंत येणार होता, आत मात्र नाही. आत कानाला लावावयाचे ध्वनियंत्र मिळते, त्यात सर्व माहिती आहे. ही अट मान्य नसल्यास तो दुसरा मार्गदर्शक सुचविणार होता. कारण दिलेले नव्हते.

कारण नमूद नसलेला अर्ज आम्ही कचेरीत परत पाठवितो. त्याच सवयीने मी चिडलो. दिवसाचे पूर्ण शुल्क घ्यावयाचे आणि दाराशी थांबावयाचे, हा कोठला न्याय? पत्नी म्हणाली, “अहो, त्र्यंबकेश्वरी उपाध्यायांच्या नामावळीत आपण आपले पूर्वज शोधतो. तुम्ही तर दक्षिणा देऊन त्यांचेच पूर्वज मागताहात!”

यावर एक आक्षेप संभवतो. ज्यांनी पाहिले त्यांनी सांगितले नाही, तर पुढच्या पिढीला कळणार कसे? आक्षेप खोटा नाही. त्याच तुरुंगातून वाचलेल्या मोजक्यांपैकी काहींनी त्याच आवारात बसून पाहुण्यांना आपली कहाणी सांगितली आहे. परंतु साक्ष देणाऱ्याने आपण होऊन दिली, तरच ती साक्ष. सहलीच्या वेळापत्रकात दुपारच्या जेवणापूर्वी बसविली की तिचा माल होतो. शुल्क देऊन आपण मार्गदर्शकाचा वेळ घेतो, त्याचे ज्ञान घेतो. त्याची स्मृती विक्रीस असेलच असे गृहीत धरता येत नाही. आणि नकाराचे कारण मागणे म्हणजे तीच स्मृती मागील दाराने मागणे होय.

आम्ही त्यालाच निवडले. माझ्या कागदावरील ते वाक्य मी खोडले.

त्या दिवशी तो दाराबाहेर सावलीत बसून राहिला. आत कैद्यांच्या छायाचित्रांच्या रांगा होत्या. त्यांत मुलेही होती. दोन तासांनी बाहेर आलो, तेव्हा त्याने पाण्याच्या बाटल्या पुढे केल्या. कोणी काही बोलले नाही.

दोन दिवसांनी अंगकोर वाटच्या पश्चिमेकडील ओवरीत, कुरुक्षेत्राच्या शिल्पपटापुढे, त्याने आम्हांला शरपंजरी पडलेले भीष्म दाखविले. १९८६ ते १९९३ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याने या मंदिराच्या जतनाचे काम केले, हेही त्याने आवर्जून सांगितले. आमच्याच कथेतील मृतांविषयी तो आमच्याशी किती मायेने बोलत होता! त्याचे कोणी गेले होते की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

परदेशात खाजगी मार्गदर्शक ठरविताना त्याची भाषा, परवाना, दर हे सारे पाहावे. पण एक गोष्ट आधी विचारावी: “कोणती जागा दाखविणे आपणास नको आहे?” आलेले उत्तर आखणीत जसेच्या तसे लिहावे, आणि त्यापुढील कारणाचा रकाना कोरा ठेवावा.