पाण्याचा मोह

इंग्लंड म्हटलं की डोळ्यांपुढे रिपरिप पाऊस येतो. पण एसेक्स परगण्यातल्या एल्मस्टेड मार्केट या गावी वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटर पडतो, आपल्या माणदेशाइतकाच.

तिथे बेथ चॅटो या बाईंनी १९६० साली नवऱ्याच्या फळबागेलगतच्या पडीक जमिनीवर बाग वसवली. पुढे १९९१-९२ च्या हिवाळ्यात त्यांनी बागेचा जुना वाहनतळ हाती घेतला. सगळी वाळू आणि गोटे, तेही गाड्यांच्या चाकांखाली वर्षानुवर्षं दबलेले. रबरी नळ्या जमिनीवर टाकून त्यांनी वाफ्यांची वळणं आखली. जमीन खोल फोडली, कंपोस्ट मिसळलं. रोपं पाण्यात बुडवून, चिंब करून लावली, वर बारीक खडी पसरली. मग ठरवलं, यापुढे पाणी घालायचं नाही. तगेल ते इथलं.

हा जुगार नव्हता. कुठलं झाड मूळचं कुठल्या मातीतलं, याचा अभ्यास त्यांचे यजमान अँड्र्यू यांनी आयुष्यभर केला होता. त्या जाणकारीतूनच उन्हातान्हात वाढणारी रुपेरी पानांची झाडं आली: लव्हेंडर, सँटोलिना, आपल्या दवण्याची भावंडं असलेल्या आर्टेमिसिया, आणि स्टॅकिस. स्टॅकिसचं पान चिमटीत धरून पाहावं. दाट पांढरी लव, ती बोटाने घासली की खालचा हिरवा रंग दिसतो. ही लव ऊन परतवते, पानालगतची हवा धरून ठेवते, ओल उडू देत नाही. मात्र तीच सतत भिजत राहिली की पान कुजतं.

१९९५ चा उन्हाळा इंग्लंडला फार कोरडा गेला. हिरवळी करपल्या. अशा वेळी रोप मान टाकतं, नळी हाताशी असते, आणि हात आवरणं निर्दयपणाचं वाटतं. मला तर तीच खरी माया वाटते. वरवर शिंपलेल्या पाण्याने मुळं वरच घुटमळतात. खालची ओल शोधायची सवय त्यांना लागतच नाही. आपल्याकडे बाल्कनीतलं लव्हेंडर जातं, ते पुष्कळदा उन्हाने नव्हे, रोजच्या तांब्याभर पाण्याने.

चॅटोबाईंनी नळी लावली नाही. जी झाडं तगली नाहीत, त्यांची जागा तगणाऱ्यांना मिळाली. २०१८ साली, वयाच्या ९४ व्या वर्षी त्या गेल्या. खडीच्या त्या बागेला पाणी घालायचं नाही, हा त्यांचा नेम तिथली माणसं त्यांच्यामागेही पाळतात.