हिरवे नसलेले ते सारे

क्रोमा कीला माणूस ओळखता येत नाही. हिरव्या पडद्यासमोर उभ्या असलेल्या हवामान-निवेदिकेचे चित्र एडिटिंगला घेतले, की सॉफ्टवेअर प्रत्येक पिक्सेलपाशी एवढेच पाहते, की तो हिरवा आहे का. जे पिक्सेल हिरवे नाहीत ते उरतात आणि त्यांनाच निवेदिका म्हणायचे; बाकीच्यांच्या जागी नकाशा येतो. तिने त्याच हिरव्या रंगाची ओढणी घेतली, तर ओढणीच्या जागी कोकणावरचे ढग दिसतात.

निषेधातून अर्थ लावण्याचा हा विचार बौद्ध तर्कशास्त्रात जुना आहे. दिङ्नागाच्या अपोहवादानुसार 'गाय' हा शब्द सगळ्या गाईंमध्ये वसलेले एखादे समान तत्त्व दाखवत नाही, गाय नसलेले ते सारे बाजूला सारतो. गायच ठाऊक नसेल तर 'गाय नसलेले' कसे ओळखणार, हा मीमांसक कुमारिल भट्टांचा त्यावरचा आक्षेप प्रसिद्ध आहे. स्टुडिओत तो सहसा आड येत नाही, कारण जे नाकारायचे ते आधीच ठरवून, रंगवून, सारखा प्रकाश टाकून ठेवलेले असते. निवेदिका स्थिर उभी असेपर्यंत अपोह उत्तम चालतो.

तिने हात हलवला, की बोटांच्या कडा विरतात, त्यांच्याभोवती हिरवट झालर दिसते, कधी बोटेच गायब होतात. सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद असे धरले, तर सेकंदाला 2 मीटर वेगाने फिरणारा हात शटर उघडे असताना 4 सेंटीमीटर सरकतो. 2 मीटर रुंदीचे दृश्य 1920 पिक्सेलमध्ये मावत असेल, तर ही सरक 38 पिक्सेलच्या आसपास भरते. त्या पट्ट्यातल्या पिक्सेलवर थोडा वेळ हात होता, थोडा वेळ पडदा. तो पिक्सेल हिरवा आहे की नाही, या प्रश्नाला तिथे सरळ उत्तरच नाही.

मूलमध्यमककारिकेच्या दुसऱ्या प्रकरणात बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने गतीची परीक्षा केली आहे. चालून झालेल्या वाटेवर चालणे नाही, चालायच्या वाटेवरही नाही, आणि या दोहोंवाचून 'चालली जात असलेली' वाट वेगळी काढून दाखवता येत नाही. धूसर पट्टा म्हणजे हीच तिसरी वाट पकडली, असे कुणी म्हणेल. ते घाईचे होईल. कॅमेऱ्याने क्षण टिपलेला नसतो, 1/50 सेकंदाची बेरीज केलेली असते. त्या बेरजेत गती नाही, हाताच्या आणि पडद्याच्या वाट्याला आलेला वेळ तेवढा आहे.

म्हणून चांगली क्रोमा की हो-नाहीवर थांबत नाही, प्रत्येक पिक्सेलला 0 ते 1 मधली अल्फा, म्हणजे अपारदर्शकतेची, किंमत देते. पण अल्फा 0.5 असण्याची कारणे अनेक: केसांच्या बटेने पिक्सेलचा अर्धा भाग व्यापला असेल, चष्म्याची काच अर्धवट पारदर्शक असेल, किंवा हात अर्धा वेळच तिथे असेल. जागा, द्रव्य आणि काळ हे तिन्ही एका आकड्यात मिसळतात आणि आकड्यावरून ते पुन्हा वेगळे करता येत नाहीत. अपोहाची खरी मर्यादा इथे कळते. काय नाही एवढे त्याला सांगता येते, किती आणि का नाही हे सांगता येत नाही.

सगळाच दोष मात्र तत्त्वाचा नसतो. 4:2:0 पद्धतीच्या फुटेजमध्ये चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद असते. कडा पायरीपायरीच्या होतात, हात हलला की त्या थरथरतात. 4:2:2 किंवा 4:4:4 मध्ये, म्हणजे रंगाच्या जास्त नोंदी ठेवून, चित्रीकरण केले, तर हा त्रास बराच कमी होतो. इंटरलेस्ड चित्रात एकाआड एक ओळी वेगवेगळ्या वेळी टिपलेल्या असल्याने कडेला फणीसारखे दात दिसतात. त्यावर की लावण्याआधी डी-इंटरलेस करावे. हिरवी झालर स्पिल सप्रेशनने जाते, पण मॅट, म्हणजे या अल्फा किमतींचा मुखवटा, फार कसली तर धूसर बोटे पुन्हा कापली जातात.

शटर 1/200 केले, की हाताची सरक 1 सेंटीमीटरवर येते. प्रकाश मात्र चौपट लागतो आणि हालचाल तुटक दिसते. मग एडिटर की झाल्यावर कृत्रिम मोशन ब्लर घालतो. तो कीच्या आधी घातला, तर हात आणि पडदा पुन्हा मिसळतात आणि सारे काम पहिल्यापासून करावे लागते.