आपत्तीचा जमाखर्च

नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात जो खर्च दाखल होत नाही तो कोणी केलाच नाही, अशी एक समजूत आपल्या नागरी कारभारात मूळ धरून बसली आहे. आणि नैसर्गिक आपत्तीच्या बाबतीत ती जितकी घातक ठरते तितकी क्वचितच अन्यत्र ठरत असेल. मुंबईच्या पर्जन्यजलाच्या निचऱ्याचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. ब्रिटिश अमदानीतील गटारांची आखणी झाली ती, समुद्राला ओहोटी असताना ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून जावा आणि पडलेल्या पाण्यापैकी निम्मे जमिनीने शोषून घ्यावे, अशा हिशेबाने. पुढे दलदली बुजल्या, माती डांबराखाली गेली, आणि त्या हिशेबाचा आधारच नाहीसा झाला. १९९३ साली ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ही क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत वाढविण्याची योजना मांडून तिला सुमारे ६१६ कोटी रुपये लागतील असे सांगितले. रक्कम जड वाटली आणि काम रेंगाळले.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच अवधीत कुलाब्याला जेमतेम ७३. शहरात चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ब्रिमस्टोवॅडचे सारे काम पुरे झाले असते तरी असा पाऊस त्या गटारांना झेपला नसता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु दरसालचा, त्याहून पुष्कळ लहान पाऊसही ज्यांच्या उंबऱ्याच्या आत येतो त्यांनी त्या बारा वर्षांत काय भरले, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. भिजलेले धान्य, गंजलेले यंत्र, बुडालेली मजुरी, तापाच्या औषधांसाठी सावकाराकडून उचललेले पैसे हा सारा खर्च कुर्ला-कलिन्याच्या तळमजल्यांवरील कुटुंबांनी केला. पालिकेच्या दप्तरात मात्र त्याची नोंद नाही, आणि म्हणूनच ती दिरंगाई काटकसरीसारखी दिसली.

जोखमीचे गणित करणारे तज्ज्ञ संभाव्यता आणि हानी यांच्या गुणाकारातून सरासरी वार्षिक नुकसान काढतात. हे साधन उपयुक्त आहे, आणि त्याची ओळख सामान्य नागरिकालाही असावयास हवी. कारण ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हे शब्द ऐकून तो निर्धास्त होतो, वस्तुतः असा पूर कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असते व घरासाठी घेतलेले कर्ज फिटण्याच्या तीस वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे सव्वीस टक्के होते.

तथापि या गुणाकारात एक अन्याय दडलेला आहे. हानी केवळ रुपयांत मोजली की विमा उतरविलेल्या मोटारीचे नुकसान पै-पैशाने नोंदले जाते, आणि शिंप्याचे एकुलते एक यंत्र, पंचनाम्यात आलेच तर, क्षुल्लक आकडा म्हणून येते; भाडेपट्ट्याचा कागद नसलेला भाडेकरू तर त्या यादीतच नसतो. अशा आकड्यांवरून बांध व उदंचन केंद्रे कोठे हवीत हे ठरविले, तर मौल्यवान मालमत्तेचे रक्षण आधी होईल आणि ज्यांना एकाच पुरातून सावरण्यास वर्षे लागतात ते शेवटी राहतील. म्हणून गेलेल्या वस्तूच्या किमतीबरोबरच, ती पुन्हा मिळविण्यास त्या कुटुंबाला किती महिन्यांची कमाई खर्चावी लागेल, हेही माप प्रत्येक अहवालात असले पाहिजे. हे माप स्थूल आहे, असा आक्षेप येईल. येवो, पावसाची संभाव्यता तरी बदलत्या हवामानात कोठे सूक्ष्म राहिली आहे?

प्रत्येक पावसापासून रक्षण करणे कोणत्याही शहराला परवडणारे नाही. रुग्णालये आणि शाळा याच तिजोरीवर अवलंबून असतात. कोठे थांबावे हे ठरवावेच लागते. पण तो निर्णय जाहीरपणे, नुकसान कोणाच्या माथी पडणार हे लिहून ठेवून व्हावा. माहुल आणि मोगरा येथील उदंचन केंद्रे वर्षानुवर्षे जागेच्या वादात अडकून राहिली. त्या प्रत्येक वर्षी शीव, किंग्ज सर्कल आणि अंधेरीच्या रहिवाशांनी, दुकानदारांनी व फेरीवाल्यांनी मिळून किती रक्कम गमावली, याचा अदमास अंदाजपत्रकात त्या कामाच्या खर्चाशेजारीच छापला गेला पाहिजे, आणि तहकुबीचा ठराव मांडणाऱ्या सभासदाने तो आकडा सभागृहात वाचून दाखविला पाहिजे.