कळणें आणि वळणें

'कळतें, पण वळत नाहीं' हें वाक्य मराठी घरांत इतक्या वेळां उच्चारलें जातें कीं, त्यांत एक अवघड नैतिक प्रश्न दडलेला आहे याकडे आपलें सहसा लक्ष जात नाहीं. ज्ञान आणि आचरण यांमध्यें अंतर असतें, एवढें हें वाक्य सांगतें. परंतु ज्ञान वाढलें म्हणजे तें अंतर कमी होतें काय? कीं ज्ञान जसजसें सूक्ष्म होत जातें, तसतसें तें अंतर अधिकच उघडें पडतें? आधुनिक रसायनशास्त्रानें या जुन्या प्रश्नाला एक नवें निमित्त दिलें आहे, म्हणून त्याचा विचार येथें करावयाचा आहे.

कोल्हापूरचें शिवाजी विद्यापीठ १९६२ सालीं स्थापन झालें. तेथील रसायनशास्त्राच्या व नॅनोविज्ञानाच्या विभागांत, जगांतील इतर अनेक प्रयोगशाळांप्रमाणेंच, पदार्थांच्या अतिसूक्ष्म कणांवर संशोधन चालतें. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले असतां त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आणि हे कण साधारणतः शंभर नॅनोमीटरांहून लहान असतात. रसायनज्ञ त्यांच्याकडून मुख्यतः दोन कामें करून घेऊं पाहतो. पहिलें उत्प्रेरणाचें, म्हणजे स्वतः न संपतां एखादी रासायनिक क्रिया वेगानें घडवून आणण्याचें. दुसरें संवेदनाचें, म्हणजे पाण्यांत, हवेंत वा अन्नांत एखादें द्रव्य लेशमात्र असलें तरी तें ओळखण्याचें. एक काम करण्याचें, दुसरें जाणण्याचें.

सोन्याचेंच उदाहरण घेऊं. कोल्हापूरच्या गुजरींत जें सोनें विकलें जातें, त्याची प्रतिष्ठा तें सहसा विकार पावत नाहीं यावर उभी आहे. तें गंजत नाहीं, काळवंडत नाहीं. परंतु मायकेल फॅराडे यानें १८५७ सालीं लंडनमध्यें दाखविलें कीं, सोनें पाण्यांत पुरेसें बारीक विभागलें गेलें म्हणजे तें माणकासारखें लाल दिसूं लागतें. पुढें १९८० नंतरच्या दशकांत मासाताके हारुता या जपानी रसायनज्ञाला असें आढळलें कीं, अवघ्या कांहीं नॅनोमीटरांचे सोन्याचे कण योग्य आधारावर बसविले असतां कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु शून्य अंशाखालील थंडींतहि ऑक्सिजनशीं संयोग पावतो व त्याचें विष नाहींसें होतें. निष्क्रिय म्हणून गणलेलें सोनें क्रियाशील झालें.

याचें एक कारण साध्या भूमितींत आहे. एक सेंटीमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटीमीटर असतो. त्याच घनाचे एक नॅनोमीटर बाजूचे तुकडे पाडले, तर सर्वांचा मिळून पृष्ठभाग सुमारें दीड एकर भरतो. ढेकळांत असतांना बहुतेक अणु आंत दडलेले असतात व बाहेरच्या जगाशीं त्यांचा संबंधच येत नाहीं. कण सूक्ष्म झाला म्हणजे पुष्कळ अणु पृष्ठावर येतात. आणि जो पृष्ठावर आला, त्याला जगाशीं व्यवहार करावाच लागतो.

जाणण्याचें कामहि असेंच नाजूक आहे. सोन्याचे कण द्रवांत एकमेकांपासून दूर असतां द्रव लाल दिसतो. ते एकत्र आले कीं निळसर होतो. त्या कणांवर असा लेप देतां येतो कीं, पाण्यांतील शिशानें किंवा पाऱ्यानें त्यांना जवळ ओढावें. मग पाण्यांतील विष डोळ्यांना रंगाच्या रूपानें दिसतें. पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें १० मायक्रोग्रॅमहून अधिक शिसें असूं नये, असें भारतीय मानक सांगतें. इतक्या अल्प अंशाची चाहूल स्वस्तांत व तत्काळ लागावी, हें या संशोधनाचें एक ध्येय आहे.

हें ध्येय पूर्ण साधलें असें क्षणभर गृहीत धरूं. तेवढ्यानें आपलें पाणी शुद्ध होईल काय? पंचगंगेंत शहराचें सांडपाणी व कारखान्यांचें मलिन पाणी मिसळतें, हें कळण्यास कोणत्याहि नॅनोकणाची आवश्यकता नव्हती; नदीकांठच्या माणसाचें नाक त्यास पुरेसें होतें. २०१२ सालीं इचलकरंजींत काविळीची मोठी साथ आली, तेव्हां दूषित पाण्याविषयींची चर्चा कांहीं नवी नव्हती. उणीव होती ती माहितीची नव्हे.

कोणी म्हणेल, नाकाची साक्ष पुरावा होत नाहीं. निश्चित ज्ञान असतें, तर माणसें निराळीं वागलीं असतीं. या आक्षेपाला जपानांतील मिनामाता गांवचा इतिहास उत्तर देतो. तेथील चिस्सो कंपनीच्या कारखान्यांत अॅसिटाल्डिहाइड बनविण्यासाठीं पाऱ्याचा क्षार उत्प्रेरक म्हणून वापरीत, व त्यांतून निघालेलें पाऱ्याचें विष समुद्रांत जाई. मासे खाणारीं माणसें लुळीं पडूं लागलीं. १९५६ सालीं या रोगाची अधिकृत नोंद झाली. कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनीं १९५९ सालीं कारखान्याचें सांडपाणी अन्नांत मिसळून एका मांजराला खाऊं घातलें. मांजराला तोच रोग जडला. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? परंतु कंपनीनें तो प्रयोग दडपला, आणि उत्पादनाची ती पद्धत १९६८ सालापर्यंत चालूच राहिली. डॉक्टरांनीं १९७० सालीं रुग्णशय्येवरून न्यायालयासाठीं साक्ष दिली व त्याच वर्षीं त्यांचा अंत झाला. कळलें होतें तें १९५९ सालीं. वळण्यास नऊ वर्षें लागलीं.

दूरचें उदाहरण दिलें कीं दोष परक्याच्या माथीं मारून आपण मोकळे होतों. म्हणून घरचेंहि पाहूं. १८९५ सालीं वसलेल्या शाहूपुरीनें कोल्हापूरच्या गुळाला मोठी पेठ मिळवून दिली. काहिलींत रस उकळत असतांना मळी काढण्यासाठीं भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालण्याची जुनी रीत आहे. असा गूळ बहुधा तांबूस, काळसर होतो. गिऱ्हाइकाला मात्र पिवळाधमक गूळ हवा असतो, म्हणून कित्येक गुऱ्हाळांत 'हायड्रॉस' नांवाचें गंधकयुक्त रसायन घालतात व त्याचा अंश गुळांत उरतो. हें गुऱ्हाळवाल्याला ठाऊक असतें, अडत्याला ठाऊक असतें, आणि सुशिक्षित गृहस्थालाहि बहुधा ठाऊक असतें. तरी ढेपेची परीक्षा रंगावरूनच होते. गुऱ्हाळवाला बाजाराकडे बोट दाखवितो, बाजार गिऱ्हाइकाकडे, आणि गिऱ्हाईक गुऱ्हाळवाल्याकडे. ढेकळांतील अणूप्रमाणें प्रत्येकाला आंतली जागा सांपडलेली असते. सोनें विभागलें कीं क्रियाशील होतें. जबाबदारी विभागली कीं निष्क्रिय होते, ती यामुळें.

तर मग या संशोधकांचे श्रम व्यर्थ आहेत काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. बर्झेलियस या स्वीडिश रसायनज्ञानें १८३५ सालीं ज्या गुणाला उत्प्रेरण असें नांव दिलें, त्याची मर्यादा आज आपणांस नीट ठाऊक आहे. जी क्रिया मुळांतच घडण्याजोगी नाहीं, ती कोणताहि उत्प्रेरक घडवूं शकत नाहीं. जी घडण्याजोगी आहे, तिची वाट तो सुकर करतो. समाजाच्या आचरणांत ज्ञानाचें कार्य नेमकें एवढेंच आहे. जेथें इच्छा आहे, तेथें सूक्ष्म व निश्चित ज्ञान तिला वेग देतें, दुर्बळाच्या तक्रारीला पुराव्याचें बळ देतें. जेथें इच्छाच नाहीं, तेथें तें आणखी एका अहवालाचें रूप घेऊन कपाटांत पडतें. कधीं कधीं तर 'अधिक संशोधन होऊं द्या' या सबबीचें साधनहि बनतें.

मात्र ज्ञान एक गोष्ट निश्चितपणें करतें: तें अज्ञानाचा आडोसा काढून घेतें. ज्या पिढीला विषाचा अंश मोजतांच येत नव्हता, तिला 'आम्हांस ठाऊक नव्हतें' असें म्हणण्याची सोय होती. आपणांस ती उरलेली नाहीं. म्हणून प्रयोगशाळेंतील प्रत्येक नवा संवेदक आपली सोय जितकी वाढवितो, तितकेंच आपलें देणेंहि वाढवितो. तें देणें प्रयोगशाळा फेडूं शकत नाहीं. तिचें काम ओळखून दाखविण्याचें. ढेकळांतून बाहेर येऊन पृष्ठावर उभें राहणें, दुकानांत काळसर ढेप मागून घेणें, नदीविषयीं विचारणें व उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहणें, हीं ज्याचीं त्यानेंच करावयाचीं कामें आहेत.