कासवाच्या पाठीवर

आधी बसा. पाठ ताठच हवी असं नाही. खांदे मात्र सैल सोडा. एक श्वास सावकाश आत, तसाच सावकाश बाहेर.

आता सिंगापूरच्या दक्षिण धक्क्यावरून निघालेली बोट डोळ्यांसमोर आणा. मालवाहू जहाजांच्या रांगा मागे पडतात आणि पुढे एक हिरवा ठिपका मोठा होऊ लागतो. हे कुसू, कासवाचं बेट. सांगतात, जहाज फुटून दोन खलाशी बुडत होते, एक मलायी, एक चिनी. एका कासवाने त्यांना पाहिलं आणि ते स्वतःच बेट होऊन त्यांच्या पायांखाली आलं. कथेत कासवाने कोणाची जात विचारली नाही, नावही नाही. इथे थोडं थांबा. तुम्ही बुडत असताना पायांखाली कोण आलं होतं? नाव लगेच आठवलं नाही तरी चालेल, घाई करू नका.

बोटीतून उतरलात की समोर तुआ पेक काँगचं देऊळ आहे. 1923 साली एका श्रीमंत व्यापाऱ्याने ते बांधलं. लाल खांब, उदबत्त्यांचा धूर, डोळ्यांना झोंबणारा. मुख्य देव दोन. एक तुआ पेक काँग: व्यापारात बरकत देणारा, आजार बरा करणारा, समुद्र शांत करणारा. दुसरी ग्वानयिन, करुणेची देवी; मूल व्हावं म्हणून तिच्यापुढे हात जोडतात. तुआ पेक काँगची पूजा मुख्यतः सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया इथल्या चिनी वस्त्यांत होते, खुद्द चीनमध्ये तो फारसा भेटत नाही. घर सोडून आलेल्यांचा हा देव. गाव सोडलेला माणूस काय मागेल? मला वाटतं, पैशाच्या आधी तो सुखरूप पोचणं मागेल.

चांद्र नवव्या महिन्यात इथे यात्रा भरते. बहुतेक वर्षी आपल्याकडे घट बसतात तेव्हाच तो महिना लागतो. एरवी बेट निवांत असतं. देवळालगतच्या हौदात खरी कासवं आहेत. त्यातल्या एकाकडे बघत राहा. शिवालयात नंदीपुढे दगडी कासव असतं, आपण त्याला हात लावून पुढे जातो. हे जिवंत असल्यामुळे आपल्यालाच थांबवतं. मान बाहेर, मग आत. बराच वेळ काहीच नाही. तेवढा वेळ तुम्हीही काही करू नका.

आता टेकडी चढा. 152 पायऱ्या. वर तीन मलायी संतांची स्थानं आहेत, एक सत्पुरुष, त्याची आई आणि बहीण. खाली चिनी देवापुढे उदबत्ती लावलेली माणसंच वर येऊन इथेही हात जोडतात, अपत्य मागतात. यात्रेकरूंना ही गोष्ट दोन धर्मांची वाटत नाही. आपणच लेखात तसं लिहितो. 2022 मध्ये आग लागून ही स्थानं जळाली होती. जळालेल्या जागेपुढे हात जोडता येतात का, हा प्रश्न मनात फिरू द्या. उत्तर मिळालं तर उत्तम, न मिळालं तर पुढची पायरी आहेच.

वरून खाली पाहा. ही जमीन सगळी जुनी नाही. पूर्वी इथे प्रवाळावर दोन लहानसे उंचवटे होते, भरतीला देऊळ पाण्यात उभं असल्यासारखं दिसे. 1975 मध्ये भराव घालून बेट साडेआठ हेक्टरांचं केलं. त्याही आधी शेजारच्या बेटांवर विलगीकरणात ठेवलेले जे प्रवासी मेले, त्यांना पुरण्यासाठी हे बेट वापरलं गेलं. घरून निघताना त्यांनीही काही देवाला सांगितलं असेल. समुद्र पार झाला, किनारा समोर दिसला, आणि ते तिथेच अडकले.

तीन उदबत्त्या हातात आहेत असं समजा. एक बेटासाठी. एक पायांखाली आलेल्या त्या कोणासाठी. तिसरी या न पोचलेल्यांसाठी. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, म्हणून नवस त्यांच्या नावे करता येत नाही, नुसती लावायची.

श्वास पुन्हा मोजा, जमतील तेवढे. मग डोळे उघडा. बेटावर रात्री मुक्कामाची परवानगी नाही, शेवटची बोट चुकवू नका.