फुकट मिळालेल्याचे ऋण

तालुक्याच्या गावी व्याख्यानमाला चालवणारी एखादी संस्था, कॅमेऱ्याने टिपलेल्या आपल्या जुन्या व्याख्यानांच्या चित्रफिती इंटरनेटवरून सर्वांना पाहता याव्यात असा ठराव जेव्हा करते, तेव्हा त्या ठरावापाठोपाठ खजिनदारांचा जो पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा असतो. आणि त्यात गैर काही नाही, कारण सार्वजनिक पैशाचा जमाखर्च ज्याला सादर करावयाचा असतो त्याने दरपत्रके मागवल्यावाचून कोणतीही खरेदी मंजूर करू नये, हा आपल्याकडील जुना आणि शहाणा शिरस्ता आहे. परंतु व्हिडिओचे रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत हा शिरस्ता चमत्कारिक ठिकाणी येऊन अडतो. काहींची किंमत हजारांत असते, काहींची त्याहून पुष्कळ कमी. आणि जाणकार ज्यांची नावे सर्वांआधी घेतात त्या एफएफएमपेग व हँडब्रेक यांच्यापुढे किमतीच्या रकान्यात शून्य लिहावे लागते. हिशेबाच्या दृष्टीने प्रकरण तेथे निकालात निघते. ज्या वस्तूचे मोल कोणी मागितले नाही तिच्या बदल्यात घेणाऱ्याकडे काही देणे राहते काय, आणि राहत असल्यास ते कोणाचे, हा प्रश्न मात्र संस्थेच्या दप्तरात कोठेच नोंदला जात नाही. तो धर्मशास्त्राच्या कक्षेतला आहे.

दिलेली वस्तू काय योग्यतेची आहे हे प्रथम पाहिले पाहिजे. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे चित्र सेकंदाला २५ वेळा बदलत असेल, आणि त्याचे कोणतेही संकोचन केले नाही, तर तासाभराच्या व्याख्यानाला सुमारे ५६० गिगाबाइट जागा लागेल. तेच व्याख्यान प्रेक्षकाच्या मोबाइलवर विनासायास पोचवायचे तर दोन-सव्वादोन गिगाबाइटांत बसवावे लागते. कॅमेरा यातील काही काम स्वतः करतो, उरलेले रूपांतर करणाऱ्या साधनाकडे येते. २००३ साली प्रमाणित झालेली एच.२६४ ही पद्धत मनुष्याच्या डोळ्याचा स्वभाव जाणून हे काम करते: डोळा प्रकाशातील भेद सूक्ष्मतेने टिपतो, रंगातील भेद तितक्या सूक्ष्मतेने टिपत नाही, म्हणून रंगाचे नमुने सहसा एक चतुर्थांशच ठेवले जातात, आणि वक्त्यामागची भिंत तासभर तीच असल्यामुळे ती पुन्हा पुन्हा न पाठवता केवळ वक्त्याचे हात व ओठ जेवढे हलतील तेवढाच फरक पाठवला जातो. ही पद्धत अमलात आणणाऱ्या एक्स२६४ या साधनात गुणवत्तेचा आकडा न सांगता २३ धरलेला असतो. तो उतरवला की चित्र सुधारते आणि फाइल फुगते. संगणकाला अधिक वेळ दिला तर तेच चित्र कमी जागेत बसते, म्हणजे येथे पैशाऐवजी धीर खर्ची पडतो. शेवटी फाइलची अनुक्रमणिका अखेरीस न ठेवता आरंभी आणावी लागते, म्हणजे सारी फाइल उतरण्यापूर्वीच पाहणे सुरू होऊ शकते. हँडब्रेकमध्ये त्यासाठी एका चौकटीत खूण केली की पुरते. काही सेकंदांचे तुकडे पाडून निरनिराळ्या प्रतींत ते देण्याची मोठी व्यवस्था हवी असेल, तर मात्र एफएफएमपेगकडेच जावे लागते.

हे ज्यांनी दिले त्यांत फाब्रिस बेलार हा फ्रेंच प्रोग्रामर अग्रभागी आहे. २०००मध्ये त्याने एफएफएमपेगचा आरंभ केला तो जेरार लँतो या टोपणनावाने, आणि गुप्तदानाची महती गाणाऱ्या आपल्या परंपरेला त्याचे वर्तन सहज आपलेसे वाटावे. एक्स२६४ची मूळ रचना लोराँ एमार याची. ते ज्या व्हिडिओलॅनच्या आश्रयाने वाढले तो उपक्रम १९९६मध्ये पॅरिसच्या एकोल सेंट्राल या विद्यालयातील विद्यार्थ्यांनी हाती घेतला होता. हँडब्रेक स्वतः एफएफएमपेग व एक्स२६४ यांच्याच खांद्यावर उभे आहे, आणि पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या कित्येक साधनांच्या पोटातही तेच आहेत.

हे दान म्हणावे काय? आपल्या शास्त्रकारांनी दानाची व्याख्या मोठ्या काटेकोरपणे केली आहे: देणाऱ्याचे स्वत्व निवृत्त व्हावे आणि घेणाऱ्याचे उत्पन्न व्हावे, तेव्हा दान सिद्ध होते. या कसोटीवर एक्स२६४ उतरत नाही. ते ज्या जीपीएल नावाच्या सनदेखाली दिले जाते तिच्यात कर्ता आपले स्वामित्व सोडत नाही. उलट ते राखतो म्हणूनच अट घालू शकतो. ती अट अशी की, घेणाऱ्याने ते वापरावे, उघडून पाहावे, बदलावे, विकलेही तरी चालेल; परंतु पुढच्याच्या हाती देताना मूळ लिखाणही त्याच्या हवाली करावे आणि त्यालाही तीच मुभा द्यावी. एफएफएमपेगची मूळ सनद याहून सैल आहे, पण त्याला एक्स२६४ जोडले की साऱ्या संचाला हीच कडक अट लागू होते. मराठी कारभारात निर्वेध इनाम आणि चाकरीसह चालणारे वतन यांत जो भेद केला जाई तो येथे तंतोतंत लागू पडतो. हे वतन आहे.

परंतु चाकरी कोणाची, हे लक्षात घेण्याजोगे आहे. देणाऱ्याची मुळीच नाही. तैत्तिरीय संहितेने जन्मासोबत येणारी जी तीन ऋणे सांगितली त्यांतील ऋषिऋणाची फेड ऋषींना काही परत देऊन होत नाही, ती ब्रह्मचर्याने म्हणजे अध्ययनाने होते. आणि मनुस्मृतीने अध्यापनालाच ब्रह्मयज्ञ म्हटल्यामुळे ही फेड पुढच्या पिढीच्या दिशेने वळली. मागच्याचे देणे पुढच्याला चुकते करायचे, ही जी विलक्षण कल्पना आपण ग्रंथांत ठेवून दिली, ती रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाने १९८९ साली, आपला वैदिक वाङ्मयाशी काही संबंध नसताना, जीपीएलच्या रूपाने कायद्याच्या भाषेत बसवली.

रघुवंशातील कौत्साची कथा या संदर्भात मला वेगळी दिसू लागते. त्याचा गुरू वरतंतू याने दक्षिणा नाकारली, शिष्याची सेवा पुरे म्हणाला. कौत्साने हट्ट धरला, तेव्हा गुरूने संतापून चौदा कोटी मागितले. या संतापाचे कारण कालिदास शिष्याच्या हट्टातच दाखवतो. मला वाटते, त्या हट्टातली जी गोष्ट गुरूला बोचली ती म्हणजे विद्येचा हिशेब मिटवून मोकळे होण्याची घाई. पुढे कौत्स राजा रघूकडे मागायला गेला, तेव्हा कुबेराने दिलेले सारे सोने रघू देऊ लागला आणि कौत्स ठरल्याहून अधिक घेईना. उरलेले सोने लोकांनी लुटले, ही भर लोककथेची, आणि दसऱ्याला आपट्याची पाने वाटताना आपण तीच आठवतो.

पैसे देऊन घेतलेल्या साधनाला मी कमी लेखत नाही. ज्याला शिकायला सवड नाही त्याने मोल द्यावे आणि उपकारातून मोकळे व्हावे, हा सरळ व्यवहार आहे. मोल घेणे सनदेलाही मान्य आहे. एक्स२६४च्या कर्त्यांनी तर व्यापाऱ्यांपुढे दोन वाटा ठेवल्या: आपले लिखाण उघडे करा, नाहीतर परवान्याचे पैसे भरा. दोष त्याचा, जो यांतले काहीच न करता त्यांच्या कामावर रंगीत वेष्टन चढवतो, दार बंद करतो, आणि शंभर-दोनशे रुपयांत आमच्या खजिनदाराला विकतो. स्वस्त वस्तूंतली सर्वांत महाग ती हीच.

आता आमची संस्था हे साधन वाटत नाही, केवळ वापरते. आणि केवळ वापरणाऱ्यावर सनद कोणतीही अट घालत नाही. म्हणून कायद्याने तिचे देणे शून्य आहे. ऋषिऋण मात्र कायद्याला विचारून लागू होत नसते. ज्या चिटणिसाने खटपट करून योग्य आज्ञावली बसवली त्याने ती मराठीत लिहून शेजारच्या गावच्या वाचनालयाला द्यावी, आढळलेला दोष कर्त्यांना कळवावा, आणि तयार झालेल्या व्याख्यानांना कुलूप घालू नये. एवढी फेड कोणत्याही अंदाजपत्रकात बसते.

एक आक्षेप राहतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात प्रत्युपकाराच्या इच्छेने दिलेले दान राजस ठरवले आहे. मग अट घालणारी ही सनद राजस, आणि २०१८ साली कोणतेही स्वामित्वशुल्क न मागता प्रसिद्ध झालेली एव्ही१ ही पद्धत सात्त्विक म्हणावी काय? तसे म्हणताना मी थबकतो, कारण एव्ही१च्या मागे गूगल, अॅमेझॉन, नेटफ्लिक्स यांसारखे धनिक आहेत, आणि एच.२६४च्या पेटंटधारकांना जे द्यावे लागते ते वाचवण्यात त्यांचा उघड लाभ आहे. जीपीएलच्या अटीचे फळ पुष्कळदा देणाऱ्याला लाभतच नाही, तिसऱ्यालाच लाभते. शिवाय सात्त्विक दानासाठी गीतेने देश, काल आणि पात्र पाहावयास सांगितले आहे. येथे देणारा पॅरिसमध्ये, घेणारा पृथ्वीच्या कोणत्याही कोपऱ्यात, आणि दोघांची गाठ कधीच पडत नाही. पात्र पारखण्याचा अवसरच नसल्यामुळे अट ही त्या पारखीच्या जागी उभी राहते, आणि घेणारा पात्र होता की नव्हता हे त्याने ती वस्तू पुढे कशी दिली यावरून मागाहून ठरते.